बिनआग्रहाची पंगत

स्तामेंकानं मांस सोडलं असं गावात सगळे म्हणतात, पण ते खरं नाही. तिनं काहीच सोडलं नाही. उपास सोडायचा तेवढा तिच्याकडून राहून गेला.

तिचा नवरा मिलिसाव गेला तो रास्पबेरीच्या मळ्यात, तारा ताणताना. हातात पक्कड तशीच. त्याच्या नावानं तिनं चाळीस दिवसांचा उपास धरला. तो संपतोय तोवर नाताळाआधीचा उपास लागला, तो सरला तशी ईस्टरपूर्वीची मोठी सात आठवड्यांची ओढ आली. आमच्याकडचा उपास म्हणजे मांस नाही, दूध नाही, चीज नाही, अंडंही नाही; जमिनीतून उगवलेलं तेवढंच तोंडात घालायचं. ईस्टरच्या सकाळी शेजारीण ल्युबिंका लाल रंगवलेलं अंडं घेऊन आली. दोघींनी रीतीप्रमाणे अंड्यावर अंडं आपटलं. स्तामेंकाचं टिकलं, ल्युबिंकाचं फुटलं. स्तामेंकानं आपलं जिंकलेलं अंडं हातात फिरवून बघितलं आणि ल्युबिंकाच्या ताटलीत ठेवून दिलं.

"खा की गं, जिंकलीस तू."

"नको वाटतंय."

एवढंच कारण. पुढं कुणी कितीही खोदून विचारलं तरी याच्याहून मोठं कारण तिच्याजवळ निघालं नाही.

बाई कशी म्हणाल, तर हाडापेरानं दणकट. रझाव नदीच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या काठावरचा कुत्रा उठून उभा राहील असा आवाज. रास्पबेरीचे क्रेट दोन-दोन एकदम उचलायची, आणि शीतगृहाचा माणूस फळाला नावं ठेवायला लागला तर त्याला गाडीत बसवून मळ्यात आणायची, आणि "हं, दाव कुठलं वाईट हाय," म्हणून झुडपापुढं उभा करायची. मुलगा व्हिएन्नात बांधकामावर. मळा, घर, दोन गायी, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. गायी तिनं विकल्या नाहीत. त्यांचं दूध ल्युबिंका नेते, चीज करते, खाते, आणि खाताना वर स्तामेंकाला वेडी म्हणते.

तर घरात काही अडचण नव्हती. घरात कांदा परतायचा, घेवडा शिजवायचा, भट्टीतला बटाटा फोडायचा, मीठ टाकायचं की झालं. अडचण होती ती लोकांत.

आमच्या खोऱ्यात माणसाला एकट्यानं जेवू देत नाहीत. बाप्तिस्मा, लग्न, पोराची सैन्यात रवानगी, मेलेल्याचा चाळिसावा, नवं छप्पर चढलं, गाय व्याली, काहीही निमित्त पुरतं. आणि पानावर बसलं की आग्रह. घरच्या बाईनं तीनदा म्हणायचं, पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. तिसऱ्यांदाही नको म्हणणारा माणूस म्हणजे घरावर थुंकून गेला असंच धरतात. त्यात घेवड्याला फोडणी डुकराच्या चरबीची, सॅलडवर चीज बर्फ पडल्यासारखं, आणि भाकरीच्या पिठातसुद्धा दही.

स्तामेंकानं सगळे उपाय करून बघितले. मांसाचा तुकडा ताटात घेऊन कोबीच्या पानाखाली सरकवायचा. टेबलाखालच्या कुत्र्याशी दोस्ती करायची. घरून पोटभर जेवून निघायचं. बसायचंच नाही, भांडी घासायला म्हणून स्वैपाकघरात घुसायचं. एकदा डॉक्टरनं बंदी केलीय असं सांगून बघितलं, तर पंगतीतल्या प्रत्येकाकडं त्या रोगावर औषध निघालं, आणि सगळ्या औषधांत राकिया, म्हणजे घरी गाळलेली दारू, होती.

मग तिला एक नामी वाक्य सापडलं. "उपास हाय."

काय जादू त्या शब्दाची! बाया वाढता वाढता हात मागं घ्यायच्या, म्हातारे टोपी काढायचे. बुधवार, शुक्रवार, चार मोठे उपास, मधले सुटे. धरायला बसलं तर अर्ध्याहून जास्त वर्ष उपासाचंच. उरलेल्या दिवशी ती "नवस बोललेय" म्हणून वेळ मारून न्यायची. अशी तीन वर्षं गेली. लोक म्हणायला लागले, मिलिसावच्या मागं स्तामेंका देवाला लागली. तिला आतून लाज वाटायची. देवाचं नाव पदराला बांधून फिरतोय आपण, चोरासारखं. पण पंगत निभायची.

तिचा दीर रादोसाव, त्याच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला हे सगळं कोसळलं.

रादोसाव म्हणजे मिलिसावचा धाकटा भाऊ, खालच्या बाजूचं घर, मधे एक कुंपण. गडी मोकळा, तोंडाचा फाटका, मनात काही ठेवत नाही. अंगणात टेबलं लावली होती, भाजलेलं डुकराचं पिल्लू मधोमध. तो स्वतः सुरी घेऊन फिरत होता. वहिनीच्या ताटात त्यानं चांगला कुरकुरीत तुकडा धरला.

"वहिनी, हा बघ, कान हाय. खास तुझ्यासाठी ठिवला."

"उपास हाय, भावजी," स्तामेंका म्हणाली. जिभेला सवयच झाली होती.

टेबलावरच्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

ईस्टर होऊन आठवडा उलटला नव्हता. तो सबंध आठवडा उपास माफ, बुधवार-शुक्रवारचासुद्धा. त्या दिवसांत उपास धरणं म्हणजे लग्नघरी जाऊन गळा काढण्यासारखं. पोरासोरांना ठाऊक असतं. आणि नेमके समोरच पाद्री वेलिमिर बसले होते, तोंडात घास.

त्यांनी घास गिळला, दाढी पुसली. "बाई, आज तुम्ही उपास धरला असेल, तर मी इतकी वर्षं चुकीच्या धर्मात नोकरी केली म्हणायची."

सगळं अंगण हसलं. रादोसाव सर्वांत मोठ्यानं. "तरीच म्हणलं! तीन वर्षं उपास करतीया. भिंतीवर चित्र लावायचं का तुझं, मेणबत्ती बिणबत्ती?"

स्तामेंका लालबुंद झाली. दुसरी एखादी रडत घरी गेली असती. ही उभी राहिली.

"उपास न्हाई. मी खोटं बोलत हुते, ती चूक झाली. पाद्रीबाबा, तुमची माफी मागते. आता खरं सांगते. मी मांस खात न्हाई, दूध न्हाई, अंडं न्हाई. आज न्हाई, उद्याबी न्हाई."

"आजारी हाय का?" कुणीतरी विचारलं.

"ये, पंजा लढव माझ्यासंगट. कळंल आजारी हाय का ते."

कुणी पुढं आलं नाही. रादोसावचं हसणं मात्र आता मावळलं होतं. "ते ऱ्हाऊ दे. संत जॉर्जचा दिस आला दहा दिवसांवर. माझ्या भावाच्या घरची स्लावा. पावण्यांपुढं काय वाढणार?"

"माझ्या घरात शिजतं ते."

"कोकरू?"

"न्हाई."

"संत जॉर्जला कोकरू न्हाई?" त्यानं सुरी खाली ठेवली. "वहिनी, आमच्या आज्या-पणज्यापासनं ह्या दिवशी कोकरू लागतंय. मग आसं कर. तू तुझं गवत मांड. यंदा मी माझ्या घरी मेणबत्ती लावतो, आन् सळईवर कोकरू फिरवतो."

आता ही गोष्ट साधी नव्हती. स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा सण. दोन्ही भावांचा संत एकच. पण थोरल्याचं घर म्हणून आजवर सण मिलिसावच्या घरी व्हायचा, आणि रादोसाव तिथं येऊन बसायचा; भाऊ गेल्यावर तिथलं कोकरूही तोच आणून भाजायचा. आता एकाच दिवशी एका कुंपणाच्या दोन बाजूंना दोन पंगती. आणि स्लावेला कुणाला बोलवायचं नसतं. लग्नाचं बोलावणं करतात, बाप्तिस्म्याचं करतात, स्लावेचं कधीच नाही. ज्याला घर आपलं वाटतं तो आपण होऊन येतो. म्हणजे कुणाच्या दारात जाऊन "या हो माझ्याकडे" म्हणायची सोयसुद्धा स्तामेंकाला नव्हती. आणि स्लावेला ज्या घरी कुणी फिरकलं नाही, त्या घराचा दिवा विझला असंच आमच्याकडं समजतात. पुढच्या वर्षापासून लोक सरळ खालच्या घरी जाणार, आणि मिलिसावचं घर म्हणजे नुसतं एका विधवेचं घर उरणार.

दुसऱ्या दिवशी ल्युबिंका सकाळीच आली, चीजसाठी दूध न्यायला, आणि कासंडी बाजूला ठेवून खुर्चीत बसली.

"ऐक माझं. पुढच्या साली संत जॉर्ज बुधवारी येतोय. कॅलेंडर बघून आले. बुधवारी तसाबी उपास असतो, सगळ्या गावात बिनमांसाचीच पंगत. यंदा गप कोकरू लाव, तू खाऊ नकोस. पुढल्या साली आपोआप तुझ्या मनासारखं व्हतंय. कुणी बोट दावणार न्हाई."

"मंग त्याच्या पुढल्या साली?"

"त्याच्या पुढलं त्याच्या पुढं बघू की!"

"न्हाई गं. उपासाच्या मागं लपून तीन वर्षं काढली. आता बुधवारच्या मागं लपू?"

"मर मंग," ल्युबिंका म्हणाली. "कांदे किती चिरायचेत ते सांग."

मुलाचा व्हिएन्नाहून फोन आला. त्याला काकानं सगळं सांगितलं होतं. तो बराच वेळ हवापाण्याचं बोलला, मग म्हणाला, "आई, काका म्हणतो बाबांना आवडलं नसतं."

"तुझा बाप माझ्या हातचा घेवडा भांडं पुसून खायचा. काय आवडलं नसतं ते मला ठाऊक हाय, काकाला विचारू नकोस."

मग दोघी कामाला लागल्या. दिवस चांगले होते. ओढ्याकाठी हाताला झोंबणारा कोवळा पाला फुटला होता, रानचुक्याची पानं तळहाताएवढी झाली होती. त्या पानांत भात, अक्रोड आणि वाळवलेली अळंबी घालून स्तामेंकानं गुंडाळ्या बांधल्या, बोटाएवढ्या, एकसारख्या. घेवडा भरपूर कांद्यात, तेलात आणि लाल मिरचीपुडीत भट्टीत आटवायला लावला. आंबवलेला कोबी भाजला, झोंबऱ्या पाल्याची थराथरांची भरलेली पोळी केली, गेल्या शरदात भाजून ठेवलेल्या लाल मिरच्यांची चटणी, आमचा आयवार, काढला. अक्रोडाची बाकलावा ही मिठाई लोण्याऐवजी तेलात. संतापुढं ठेवायचा गोड गहू शिजवला, आणि स्लावेची गोल भाकरी तिनं पाण्यात मळली. वर कणकेची द्राक्षं, कणकेचे पक्षी. अंड्यानं चकाकी आणतात, तिनं साखरेचं पाणी फिरवलं. भाकरी भट्टीतून निघाली ती घासलेल्या तांब्यासारखी.

"अंड्याहून झाक आली की गं," ल्युबिंका म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तोंड वाकडं केलं. "पण पोळी चीजबिगर म्हणजे... मी आपली खरं बोलते."

"बोल की. त्यासाठीच तर ठिवलीय तुला."

सणाच्या सकाळी पाद्री वेलिमिर आले. भाकरी कापायची, तिच्यावर वाइन ओतायची, ती पाद्र्याबरोबर धरून फिरवायची, हे घरधन्याचं काम. एरवी मिलिसाव करायचा. तो गेल्यावर मुलगा नाहीतर रादोसाव. आज स्तामेंकानं स्वतः भाकरी धरली. पाद्रीबाबा क्षणभर थबकले, मग त्यांनीही धरली. प्रार्थना म्हणून झाली, भाकरी मोडली, तशी त्यांनी टेबलावरून नजर फिरवली.

"गहू आहे, भाकरी आहे, वाइन आहे, मेणबत्ती आहे. संताचं सगळं पुरं झालं, बाई. कोकरू त्यानं कधी मागितलं नव्हतं, ते आपलंच." मग कुंपणापलीकडून आलेला वास त्यांनी नाकानं हळूच ओढला. "पण तिकडंही जावं लागेल. तिथंही भाकरी कापायचीय."

"जावा की. खाऊनबी या."

ते गेले, आणि स्तामेंका टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. स्लावेच्या दिवशी घरधनी बसत नाही. पाहुणे बसतात, घरधनी उभा राहून त्यांच्याकडं बघतो, ही रीत. टेबलावर पांढरं कापड, ताटं मांडलेली, खुर्च्या रिकाम्या.

खालून कोकराचा वास येत होता. माणसांचे आवाज, गाड्यांची दारं लागल्याचे आवाज. कुणीतरी अ‍ॅकॉर्डियन आणला होता.

"बस गं जरा," ल्युबिंका म्हणाली. "कुणी न्हाई बघायला."

"कुणी न्हाई म्हनून बसायचं, आन् कुणी आलं की उभं ऱ्हायचं? मंग ते उभं ऱ्हाणं कसलं."

ल्युबिंकानं टेबलावरचं कापड उगाच सरळ केलं. थोड्या वेळानं तीही उठून उभी राहिली. मग पाय दुखले म्हणून परत बसली.

दुपार कलली तेव्हा फाटक वाजलं. ओब्राद आला, बायकोला घेऊन. ओब्राद म्हणजे या घराचा कूम, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातावर धरलेला धर्मपिता. हे नातं आमच्याकडं सख्ख्या भावाहून वर; तो कूम, तर ती त्याची कुमा. त्याच्यामागं मळ्यात फळं तोडायला येणाऱ्या चारपाच बाया, आणि पोस्टमन. सगळे खालच्या घरी जेवून आलेले, ओठ अजून चकाकत होते. तोंडं मात्र समाचाराला आल्यासारखी.

रीतीनं प्रत्येकानं चमचाभर गोड गहू घेतला, राकियाचा पेला उचलला, "स्लावा सुखाची होवो," म्हणाले आणि बसले. स्तामेंकानं ताटं-पातेली पुढं सरकवली. आणि गप्प उभी राहिली.

पाहुणेही गप्प. वाट बघत होते. आता घरची बाई म्हणेल, "घ्या की," मग आपण म्हणू, "पोट भरलंय." ती म्हणेल, "एवढंसं," आपण म्हणू, "खरंच नको." तिसऱ्यांदा म्हणाली की चवीपुरतं घेऊ आणि मोकळे होऊ. सगळी तयारी करूनच आले होते ते.

स्तामेंका काही म्हणेचना.

ओब्राद खाकरला. घेवड्याच्या मातीच्या भांड्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. पोस्टमननं रिकामं ताट उगाच सरळ केलं. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. घेवड्यातून वाफ येत होती, कडेला कांदा करपून लाल झाला होता, मिरचीचा वास सुटला होता.

"कुमा," ओब्राद शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "तू काय म्हणत न्हाईस?"

"काय म्हणू?"

"घ्या म्हणावं. म्हणायचं असतं."

"भांडं पुढं हाय, कूम. चमचा त्यात हाय. हात तुमचा हाय. खायचं तर खावा, न्हाईतर नुसतं बसा, बसल्यालाबी चांगलंच वाटंल मला. मला तीन वर्षं लोकांनी गळ्यात कोंबायचं बघितलं. माझ्या घरात कुणाच्या घशात मी कायबी घालणार न्हाई."

ओब्रादला असं आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. नको म्हणायला समोर कुणी नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय? पंचाईतच झाली. तो खुर्चीत चुळबुळला, बायकोकडं बघितलं. ती छताकडं बघत होती. मग त्यानं झटक्यानं चमचा उचलला आणि ताटात घेवडा घेतला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला भाकरी तोडली आणि भांड्याच्या कडेचा करपलेला कांदा खरवडून घेतला.

"कुणी घेणार हाय का ह्यातलं," त्यानं पंगतीला विचारलं, "का भांडं हिकडं घेऊ?"

मग काय, चारी बाजूंनी हात आले. कुणी वाढायचं नाही, कुणी थांबवायचं नाही, प्रत्येकजण आपल्याला हवं ते ओढून घेतोय, असली पंगत त्या खोऱ्यात कुणी बघितली नव्हती. बायांनी रानचुक्याच्या गुंडाळ्या मोजून वाटून घेतल्या आणि मोजण्यावरून भांडल्या. पोस्टमन आयवारात भाकरी बुडवून बसला, मान वर केली नाही. पोळी एकीनं चाखली आणि म्हणाली, "चीज पाहिजे हुतं." स्तामेंका म्हणाली, "असंल," आणि तिच्यापुढची पोळी उचलून कोबी ठेवला. ती बाई कोबी संपवूनच बोलली.

आता आवाज कुंपणापलीकडं जायला लागला होता. अ‍ॅकॉर्डियन थांबला. थोड्या वेळानं फाटकात रादोसाव उभा, हातात झाकलेलं ताट. झाकणाखालून कोकराचा वास.

सगळ्यांची तोंडं चालायची थांबली. स्तामेंका जागची हलली नाही.

"तुझ्या पावण्यांसाठी आणलंय," रादोसाव म्हणाला. आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "म्हणलं, उपाशी नकोत जायला. माझ्या भावाचं घर हाय हे."

"तुमच्या भावाचंच हाय, भावजी. म्हनून तुम्ही आत या. ताट त्या बाकड्यावर ऱ्हाऊ द्या. ह्या टेबलावर ते येणार न्हाई."

"टाकू म्हणतीस?"

"टाकू कशाला? तुमचं हाय, जाताना न्या. मी कुणाला खाऊ नका म्हणत न्हाई. माझ्या टेबलावर नको, एवढंच."

तो उभा राहिला. एका हातात ताट, समोर कूम ओब्राद, हनुवटीला घेवड्याचा रस्सा. ताट परत न्यावं तर सगळ्यांसमोर मागं फिरल्यासारखं, आत न्यावं तर वाट नाही. त्यानं ताट बाकड्यावर ठेवलं. टोपी काढली, मेणबत्तीपुढं येऊन छातीवर क्रूसाची खूण केली, गव्हाचा चमचा घेतला आणि ओब्रादच्या शेजारी बसला.

स्तामेंकानं त्याला पेला दिला. वाढलं काही नाही. तोही बसून राहिला, वाट बघत.

"ती म्हणणार न्हाई," ओब्राद त्याच्या कानात म्हणाला. "म्या अर्धा तास वाट बघितली. घे तुझं तू, न्हाईतर संपंल."

रादोसावनं घेवडा घेतला. खाल्ला. कुणी बघत नाही असं दाखवत सगळे बघत होते. त्यानं भाकरीनं ताट पुसलं, मिलिसाव पुसायचा तसं, गोल फिरवून.

"हा दादाचा घेवडा हाय," तो म्हणाला. "चरबी कुठंय ह्यात?"

"कधीच नव्हती. तुमच्या दादाच्या छातीत जळजळायचं. लग्नापासनं तेलातच करते. तुम्हीबी तेच खात आलाय."

सगळी पंगत हसत सुटली. पोस्टमनला ठसका लागला, त्याच्या पाठीत ल्युबिंकानं असा दणका घातला की तो टेबलावर पडला. रादोसावनं मान हलवली. मग पेला घेऊन उठला. उठला म्हणून बाकीचेही उठले. आमच्याकडं स्लावेचा पेला घरधन्याच्या नावानं उचलतात, आणि मिलिसाव गेल्यापासून या घरात तो मुलाच्या नावानं नाहीतर रादोसावच्याच नावानं उचलला जायचा.

रादोसावनं वहिनीकडं बघितलं. तिथं ती उभी होती, सकाळपासून, टेबलाच्या टोकाशी, भट्टीच्या धगीनं तोंड लाल, हात कमरेवर.

"घरधनी," तो तिला म्हणाला, "तुझ्या घरची स्लावा सुखाची होवो."

"तुमच्या तोंडात साखर पडो," स्तामेंका म्हणाली, आणि पेला एका दमात रिकामा केला.

रादोसाव खाली बसला नाही. फाटकाकडं निघाला.

"कुठं चाललात?"

"खाली. वीसेक माणसं बसलीत माझ्याकडं. त्यांचंबी तुझ्या दारात येणं ऱ्हायलंय. घेऊन येतो."

स्तामेंकानं टेबलाकडं बघितलं. घेवड्याचं दुसरं भांडं भट्टीत होतं, गुंडाळ्या होत्या, बटाटे होते. माणसं मावायची नव्हती.

"भावजी!" तिनं हाक मारली, ती नदीपलीकडच्या काठावरही गेली असणार. "येताना खुर्च्या तुमच्या घरच्या आणा. माझ्याकडं पुरणार न्हाईत."

थोड्या वेळानं चढावरून मिरवणूक वर यायला लागली. पुढं पाद्री वेलिमिर, मग अ‍ॅकॉर्डियनवाला, मग बाया-माणसं, ज्याच्या त्याच्या हातात खुर्ची. आणि सगळ्यांच्या मागं रादोसाव, दोन्ही खांद्यांवर एकेक बाक घेऊन, घामाघूम.

स्तामेंका फाटकात त्यांच्या स्वागताला उभी होती.